मुक्ताला पत्र, भिंतीबद्दल नाही

बार्शी
रविवार, रात्र

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

फोन केला असता, पण आपलं दोघांचं बोलणं तीन मिनिटांच्या पुढे गेलं की काय होतं ते तुला माहीत आहे. आई म्हणाली, लिहा. कागदावर ओरडता येत नाही. म्हणून लिहायला बसलोय.

परवा त्या डिझायनर मुलीसमोर मी बोललो ते बोलायला नको होतं. "घर करायचंय का प्रदर्शन मांडायचंय?" हे तर मुळीच नको होतं. तिचा चेहरा पडलेला मला दिसला, मग तुझाही दिसला. तू म्हणालीस, "अण्णा, हे माझं घर आहे, तुमची साइट नाही." परत येताना टेंभुर्णीपर्यंत मी खिडकीबाहेर बघत होतो आणि तुझी आई शेंगा सोलत होती. टेंभुर्णीला एवढंच म्हणाली, "खोटं काय बोलली ती?" मग कुर्डुवाडीपर्यंत पुन्हा शेंगा.

तर हे पत्र भिंतीबद्दल नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

तू पाठवलेला आराखडा स्टँडजवळच्या झेरॉक्सवाल्याकडून मोठ्या कागदावर काढून आणला आणि दोन संध्याकाळी चष्मा लावून पाहिला. चांगला आहे. खिडकीच्या उंबऱ्याएवढी बैठक आणि तिच्या पोटात गाद्या ठेवायची जागा, हे मला चाळीस वर्षांत सुचलं नाही. आपल्याकडे गाद्यांची चवड पलंगावर आणि पाहुणे खुर्चीवर, असंच चालत आलं. आजीचं फडताळ तू पुस्तकांना घेणार आहेस, तेही पटलं. त्याची मधली फळी मात्र बदलून घे, तिला आतून वाळवी लागून गेली आहे. वरून लाकूड शाबूत दिसतं. ठोकून पाहा, आवाज पोकळ येतो. दारांना रंग देऊ नकोस. ते सागवान आहे, नुसतं पॉलिश पेपरनं घासून तेल दे. खणाच्या उशांबद्दल मी काही बोलत नाही. आईनं दोन जुने खण काढून ठेवलेत, एक अंजिरी आणि एक हिरवा. कापायचे कसे याची तिला धास्ती आहे, तेव्हा कात्री तूच चालव.

ओट्याची उंची तेवढी स्वतः उभी राहून ठरव. कोपरातून हात दुमडायचा आणि कोपराच्या चार ते सहा इंच खाली दगड यायला हवा. आपला कडाप्प्याचा ओटा आजीच्या मापाचा होता आणि तुझी आई आजीपेक्षा वीतभर उंच. एकोणतीस वर्षं ती वाकून पोळ्या लाटत राहिली. मी इंजिनिअर माणूस, दोन विटांचं काम होतं. तिच्या कमरेचं डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा मला ओटा दिसला. सिंकखालच्या कपाटाला 710 चा शिक्का असलेलं, पाण्यात टिकणारं प्लाय वापरायला सांग. सुतार म्हणेल सगळं सारखंच असतं. तसं नसतं.

आता शहाबादी. तू हॉलमध्ये शहाबादी फरशी घालणार हे ऐकून मी हसलो त्याचा तुला राग आला. मी तुला हसलो नाही गं. 1998 साली, नंदूच्या लग्नाच्या आधी, या घरातली शहाबादी मीच उखडली. पाहुण्यांसमोर बरं दिसावं म्हणून पांढऱ्या चकचकीत टाइल्स घातल्या. आजी त्या दिवशी जेवली नाही. म्हणाली, "उन्हाळ्यात पाठ कुठं टेकायची मी?" पहिल्या पावसात त्याच टाइलवर बंडूकाका घसरले, ते तुला आठवत असेल. निघालेल्या फरश्यांतल्या अकरा अजून न्हाणीमागे भिंतीला टेकून उभ्या आहेत, काठ थोडे उडालेत. त्या तुझ्याच. पण अख्ख्या हॉलला शहाबादी नको. इंचभर दगड आणि खाली दीड-दोन इंच माल धरला तर शंभर चौरस फुटांना टनाच्या वर वजन होतं. तुझं घर दुसऱ्या मजल्यावर आहे, आणि ती बिल्डिंग 1987 ची. जुनी टाइल न काढता तिच्यावरच घालू असं कुणी म्हणालं तर त्याला चहा पाजून घरी पाठव. दारातून खिडकीपर्यंत एक पट्टा शहाबादीचा कर, अकरा फरश्यांत तेवढा होईल. बाकी हलकं काहीतरी.

वजनाचं इतकं मनावर का घेतो, असं तू विचारलंस. त्या मुलीसमोर मला उत्तर देता आलं नाही.

बेडरूमच्या आराखड्यात पलंगाच्या डोक्यावर लांबच लांब फळी दाखवली आहे, पुस्तकांसाठी. ती पाहून मला तुझी नववी आठवली. तुला कॉटच्या वर अशीच फळी हवी होती. मी ठोकू दिली नाही. तुझी कॉटसुद्धा भिंतीला लावू दिली नाही, खोलीच्या मधोमध, चारी बाजूंनी चालायला जागा. तुझ्या मैत्रिणी तिला दवाखाना म्हणायच्या. तू आठ दिवस अबोला धरलास आणि मग फळीच्या जागी मासिकांतली घरांची चित्रं कापून चिकटवलीस, जमिनीपासून छतापर्यंत. चित्रांना मी काही म्हणालो नाही. कागद अंगावर पडला तर काय होतंय.

30 सप्टेंबर 1993. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती, गणपती बुडवून माणसं दमून झोपली होती. पहाटे चारला चार मिनिटं कमी असताना इथे मांडणीवरची भांडी वाजली. तू पाळण्यात होतीस, उठलीही नाहीस. तिसऱ्या दिवशी खात्यानं मला किल्लारीकडे पाठवलं. मी एकोणतीस वर्षांचा. भूकंपाच्या नकाशात तो भाग तेव्हा पहिल्या पट्ट्यात होता, म्हणजे सगळ्यात कमी धोक्याचा. मीही परीक्षेत तसंच लिहून पास झालो होतो.

तिथली घरं तू आताच्या गावात पाहिलीस, तशी नव्हती. दोन-अडीच फुटांच्या दगडमातीच्या भिंती आणि वर माळवद, म्हणजे मातीचं सपाट छत. माळवद गळलं की लोक मातीचा नवा थर टाकत. दर दोन-चार वर्षांनी एक थर, बापानं टाकलेला, त्यावर मुलानं टाकलेला. कुणी घर बिघडवायला टाकत नव्हतं, डागडुजीच चालली होती. ते सगळं ओझं त्या मातीत बसवलेल्या दगडांवर. काही ठिकाणी माळवदाखालचे लाकडी खांब जसेच्या तसे उभे होते, भिंतीच तेवढ्या नव्हत्या. खांबाला अडकवलेलं कॅलेंडर सप्टेंबरवर होतं. बाकी मी लिहीत नाही. तुझ्या आईलाही कधी सांगितलं नाही.

महिन्यानं घरी आलो, तो पाय न धुता आत गेलो आणि तुझा पाळणा भिंतीपासून ओढून मधल्या खांबाजवळ आणला. आजी म्हणाली, याला बाहेरचं काहीतरी लागलंय. तेव्हापासून आपल्या घरात झोपलेल्या माणसाच्या डोक्यावर काही टांगलेलं नाही. नंदूच्या सासरच्यांनी दिलेलं ते मोठं घड्याळसुद्धा स्वयंपाकघरात लागलं, त्याचं कारण हे. तुम्हाला वाटत आलं की अण्णाला हौस नाही.

हौस नाही हे थोडं खरंही असेल. पण एक सांगतो. पुढे मी पुनर्वसनाच्या कामावर होतो. नव्या गावातली घरं एकसारखी, एका ओळीत, चुकून दुसऱ्याच्या दारात जाशील अशी. सिमेंटच्या ब्लॉकची भिंत, सरळसोट. एक म्हातारी रोज येऊन उभी राहायची. "साहेब, कोनाडा कुठाय? दिवा कुठं ठेवू?" मी म्हणालो, मावशी, या भिंतीला छिन्नी लावायची नाही. चांगलाच खेकसलो तिच्यावर. पंधरा दिवसांनी गेलो तर तिनं डालड्याचा डबा उभा कापून खिळ्याला अडकवला होता, आतून नीळ लावलेली, काठाला चुन्याचे ठिपके. त्यात दिवा. भिंतीला तेवढा एक खिळा. पुढच्या महिन्यापर्यंत त्या ओळीतल्या सात-आठ घरांत तसे डबे आले, प्रत्येकाचा रंग वेगळा. मी बिल तपासायच्या कामाला गेलो होतो आणि डबे बघत फिरलो. तुझा आराखडा पाहताना मला सारखी तीच आठवत होती. चांगल्या अर्थानं.

आता भिंत.

नाही म्हणालो होतो, पण एकदाच लिहितो आणि सोडतो. स्वयंपाकघर आणि हॉल यांच्यामधली भिंत पाडून सगळं मोकळं करायचं ही कल्पना वाईट नाही. आई पोळ्या करताना भिंतीआड एकटी असायची, तसं तुला व्हायचं नाही, हे तू म्हणालीस ते मला लागलं आणि पटलं. पण त्या दिवशी चहा घेताना मी दाराच्या चौकटीशी ती भिंत हातानं मोजली. एक वीत आणि वर दोन बोटं. म्हणजे नऊ इंची वीट आणि दोन्हीकडचा गिलावा. नुसत्या आडोशाची भिंत साडेचार इंचांची असते, गिलाव्यासकट सहाच्या आत. शिवाय तुमच्या हॉलच्या एकाही कोपऱ्यात कॉलम बाहेर आलेला दिसला नाही. त्या काळच्या तीन मजली बिल्डिंगा पुष्कळशा अशाच आहेत, स्लॅब भिंतीवर टेकलेला. त्या ठेकेदारानं बोटानं टकटक केलं आणि "पार्टिशन आहे, दोन दिवसांत काढू" म्हणाला. मला संताप आला तो त्याच्या बोटाचा. बाहेर पडला तो तुझ्या प्रदर्शनावर.

मी म्हणतो म्हणून ऐकू नकोस. मी रिटायर्ड माणूस, माझी जाडी चुकली असेल. स्ट्रक्चरल इंजिनिअर बोलाव, सोसायटीला लेखी कळव. तीस वर्षांच्या पुढच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट करावं लागतं, तुमच्या सेक्रेटरींकडे अहवाल असायला हवा, तो माग. नसेल तर तेही कळेल. इंजिनिअरची फी मी देतो. ही मदत नाही, माझ्या झोपेची किंमत आहे. तो हो म्हणाला तर पाड, मी पेढे घेऊन येईन. नाही म्हणाला तर मध्ये खिडकीसारखी चार फुटांची मोकळी जागा काढता येते का ते विचार, वर गर्डर घालून आणि काम होईपर्यंत टेकू देऊन. ओट्यावरून हॉल दिसेल आणि कठड्यावर तुझी ती पितळी भांडी राहतील. आणि वायरिंगसाठी त्या भिंतीत आडव्या झिऱ्या मारू देऊ नकोस, उभ्याच.

बघ, झालं भाषण. दीड पान. क्षमा कर. तू आठ वर्षं नोकरी करून, हप्ते काढून, निखिलरावांच्या बरोबरीनं घर घेतलंस, आणि मी आल्या आल्या वीत काढून भिंत मोजत बसलो. घर छान आहे हे म्हणायचं राहूनच गेलं. सकाळी सातला स्वयंपाकघरात ऊन येतं ते पाहिलं मी. तू झोपली होतीस. ओट्याशी उभं राहून पाणी प्यायलो आणि त्या उन्हात पाय ठेवून उगीच थांबलो.

लॅमिनेटचे दोन नमुने तू विचारले होतेस, त्यातला मातकट बरा. दुसरा दवाखान्यासारखा दिसतो, आणि त्या विषयातला मी जाणकार आहे.

पलंगावरच्या फळीचं तुझं तू ठरव. समोरच्या भिंतीवर घेतलीस तर झोपल्या झोपल्या पुस्तकं दिसतील, असं आपलं मला वाटलं.

फरश्या बंडूकाकांचा मुलगा टेंपोतून आणतोय, पुढच्या शनिवारी. बरोबर ज्वारीचं पीठ, शेंगाचटणी आणि ते दोन खण. फरश्या आडव्या रचू नका, उभ्याच ठेवा, नाहीतर मधल्या फुटतात. निखिलरावांना नमस्कार.

तुझा,
अण्णा

ता. क. ठेकेदार बुधवारी येणार म्हणाली होतीस. त्याआधी एकदा वरच्या मजल्यावर जाऊन ये. साखर मागायला म्हणून जा, पण स्वयंपाकघरापर्यंत जा. त्यांची भिंत त्याच जागी उभी आहे का आणि किती जाड आहे, तेवढं बघ. वीत लाव. मग रात्री कितीही वाजता फोन कर, मी जागा आहे.