मोठ्यांनाही भिंत हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पाऊस सुरू झाला की 'धबधब्यावर रॅपलिंग'च्या जाहिरातींना ऊत येतो. वर ठळक अक्षरांत 'प्रस्तरारोहणाचा थरार' आणि खाली फोटो दोरीवरून उतरणाऱ्या माणसाचा! प्रस्तरारोहण म्हणजे कातळ चढणं, रॅपलिंग म्हणजे दोरीवरून उतरणं. चढणं वेगळं आणि उतरणं वेगळं, हे मी पैसे मोजून शिकले. मोठ्यांनाही चढणं शिकायला सरावाची भिंत मिळावी, म्हणून हे पत्र.

मी डोंबिवलीत ब्लाउज शिवते. वय ४४. दोन वर्षांपूर्वी मैत्रिणींबरोबर अशाच एका रविवारी गेले होते. हार्नेस, म्हणजे कमरेला आणि मांड्यांना बांधायचा पट्टा, चढवला, हेल्मेट घातलं, दोघांनी धरून कड्याच्या टोकाशी उभं केलं आणि दहा मिनिटांत मी खाली. मजा आली, खोटं कशाला बोलू? पण सगळा भार दोरीवर आणि दोरी वर जिथे बांधली होती त्यावर. ती कशाला बांधली आहे, हे विचारायचंही मला सुचलं नाही. चढताना उलट असतं. भार आपल्याच हातापायांवर, दोरी फक्त पडलो तर झेलायला.

पुढे मुंब्र्याच्या कातळांवर रविवारी सराव करणारी काही मंडळी भेटली. पहिले दोन रविवार त्यांनी मला कातळाला हातसुद्धा लावू दिला नाही. फक्त गाठ. इंग्रजी आठच्या आकड्यासारखी गाठ मारायची, दोरीचं टोक हार्नेसमधून ओवून त्याच वाटेनं परत फिरवायचं आणि शेजारी शेजारी पडलेल्या दोरीच्या पाच जोड्या मोजायच्या. मग बिले, म्हणजे चढणाऱ्याची दोरी खालून सांभाळायची. दुसऱ्याचा जीव हातात आल्यावर माझी बडबड आपोआप थांबली. हार्नेस मात्र मी लगेच ओळखला. त्यावरची आडवी दाट टीप म्हणजे आमच्याकडे जीन्सच्या लुप्यांना मारतात तीच. पट्ट्यापेक्षा वेगळ्या रंगाचा दोरा का, म्हणून विचारलं, तर दोरा झिजला की चटकन दिसावा म्हणून. शिंपिणीला हे पटायला वेळ लागला नाही.

चढायला लागल्यावर पहिली चूक सगळ्यांची होते तीच माझी झाली: हातांनी लोंबकळणं. पाच मिनिटांत कोपरापासून मनगटापर्यंत हात असे भरून आले की बाटलीचं झाकण उघडेना. चवड्यावर उभं राहायचं, पायांनी वर रेटायचं, हात फक्त तोल राखायला, हे डोक्यात शिरायला महिना गेला. आपल्या सह्याद्रीचा दगड बेसाल्टचा, कुठे घट्ट तर कुठे सुटा. धरण्याआधी तळव्यानं थापटून बघायचा. पोकळ वाजला तर सोडून द्यायचा, बाजारात माठ घेताना बघतो तसं. आणि कड्याला आग्या मोहोळ दिसलं तर हौस गुंडाळून मुकाट घरी.

चाळिशीनंतर शिकणाऱ्यांना एक सांगते, बोटांना घाई करू नका. दंडाला ताकद काही आठवड्यांत येते, पण बोटांतल्या कंडरा तयार व्हायला कित्येक महिने लागतात. मी घाई केली आणि अनामिकेला पट्टी बांधून लग्नसराईची कामं उरकली. बोटांच्या टोकाची कातडी खरखरीत झाली की पैठणीच्या ब्लाउजपीसचे धागे तिला अडकतात. आता मशीनवर बसण्याआधी बोटं पॉलिशपेपरनं घासते. गिऱ्हाइकं विचारतात, "ताई, हाताला काय झालं?" खरं सांगितलं की आधी हसतात आणि मग हळूच फी विचारतात.

तक्रार पुढे आहे. पावसात कातळ ओला, शेवाळलेला. चार महिने सराव बंद. चढाईच्या सरावासाठी बांधलेली कृत्रिम भिंत तेव्हाच कामाची. आमच्या आसपासच्या अशा एका सार्वजनिक भिंतीवर चौकशीला गेले, तर उत्तर मिळालं, "अठराच्या आतल्या मुलांसाठी आहे. वेळ चार ते सहा." मुलांना आधी संधी मिळावी, मान्य. २०१६ साली नवी मुंबईत बोल्डरिंगची, म्हणजे दोरीशिवाय कमी उंचीवर चढण्याची, विश्वचषक स्पर्धा झाली, २०२१ साली टोकियोत चढाईचा खेळ ऑलिम्पिकमध्ये आला, तेव्हा पोरं तयार व्हायलाच हवीत. पण सहानंतर ती भिंत कुलपातच असते ना? मोठ्यांनी आठवड्यातून दोनदा शांतपणे गाठ आणि बिले शिकावं अशी जागा नाही, म्हणूनच लोक एका रविवारच्या दोरीला चढाई समजतात.

दुकान मी आठला बंद करते. मंगळवार आणि शुक्रवार, साडेआठ ते दहा, एवढी वेळ द्या. रीतसर शुल्क घ्या, प्रशिक्षक ठेवा, बिलेची परीक्षा घेतल्याशिवाय कुणाला दोरी देऊ नका. माझ्या दोन गिऱ्हाइकांनी नावं दिली आहेत. एक परिचारिका आहे, तिला शुक्रवारी रात्रपाळी असते. तिच्यासाठी मंगळवार तरी नक्की करा.

– शिवणकाम करणारी एक वाचक, डोंबिवली (पूर्व)