जुना लॉन ट्रॅक्टर घेताना रंगापेक्षा गिअरबॉक्स पाहावा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

नोकरीनिमित्त अमेरिकेत आलेली पुष्कळ मराठी कुटुंबे भाड्याची सदनिका सोडून आता उपनगरांत स्वतःची घरे घेत आहेत, आणि घराबरोबर अर्धा एकर, एक एकर, क्वचित त्याहूनही मोठी हिरवळ त्यांच्या पदरी पडते. एक एकर म्हणजे ४० गुंठे. आमच्या ओहायोसारख्या राज्यात एवढ्या जागेतील गवत एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत जवळजवळ दर आठवड्याला कापावे लागते, कारण ते गुडघ्यापर्यंत वाढू दिले तर अनेक गावांच्या नियमांनुसार नोटीस येते आणि पुढे दंडही होतो. घराचे कर्ज, शाळा, विमा यांविषयी नव्या घरमालकाला हवी तेवढी माहिती मराठीत मिळते. या गवताचे आणि ते कापणाऱ्या यंत्राचे काय करायचे, हे मात्र त्याला कोणी सांगत नाही. आपल्या वृत्तपत्राचे वाचक इकडेही बरेच आहेत, म्हणून हे पत्र.

दहा गुंठ्यांच्या आत हिरवळ असेल तर ढकलत न्यायचे यंत्र पुरते आणि ट्रॅक्टरचा विचारही करू नये. वीस गुंठ्यांच्या पुढे मात्र बसून चालवायचा लॉन ट्रॅक्टर सोयीचा ठरतो. नवा घ्यायचा तर साध्यातल्या साध्याला २ हजार डॉलरच्या आसपास किंवा अधिक पडतात आणि खऱ्या अर्थाने टिकाऊ यंत्र त्याच्या दुपटीच्या घरात जाते. त्यामुळे बहुतेक जण जुन्याकडे वळतात, आणि तो निर्णय योग्यच आहे. फक्त निवड करताना सगळे दोनच गोष्टी पाहतात, यंत्राचा रंग आणि इंजिनाची अश्वशक्ती. माझे म्हणणे असे की जुन्या लॉन ट्रॅक्टरचे आयुष्य या दोहोंपेक्षा मागच्या चाकांमधल्या गिअरबॉक्सवर आणि त्याचे सुटे भाग आजही मिळतात की नाहीत यावर अधिक ठरते.

आजकालच्या बहुतेक लॉन ट्रॅक्टरमध्ये हायड्रोस्टॅटिक गिअरबॉक्स असतो, म्हणजे पायातली पट्टी दाबली की आतला पंप तेलाच्या दाबाने चाके फिरवतो आणि क्लच दाबून गिअर बदलावे लागत नाहीत. टेनेसी राज्यातील टफ टॉर्क या कंपनीचा के४६ हा या जातीतला हलका आणि फार मोठ्या प्रमाणावर वापरला गेलेला गिअरबॉक्स. जॉन डिअरच्या मोठ्या दुकानांतून विकल्या जाणाऱ्या १०० मालिकेतील अनेक मॉडेलांवर तो आहे, आणि हस्कवार्ना व क्राफ्ट्समन या नावांच्या पुष्कळ यंत्रांवरही तोच आहे. म्हणजे एक यंत्र हिरवे, दुसरे नारिंगी आणि तिसरे लाल असले तरी ज्या भागावर त्यांचे आयुष्य अवलंबून आहे तो भाग तिघांत एकच असू शकतो. सपाट जागेत हलके काम दिले तर हा गिअरबॉक्स वर्षानुवर्षे चालतो. चढउताराच्या जमिनीवर किंवा मागे माती-लाकडाची गाडी जोडून ओढण्याच्या कामात मात्र त्याचे तेल तापते आणि पातळ होते, आतल्या आत गळती सुरू होते, आणि काही वर्षांनी यंत्र चढावर रेंगाळू लागते. त्याला तेल काढण्याचे बूच नसते. तेल बदलायचे तर सबंध गिअरबॉक्स खाली उतरवून उलटा करावा लागतो. अर्थात बहुतेक मालक ते कधीच करीत नाहीत. नवा गिअरबॉक्स बसवण्याचा खर्च जुन्या यंत्राच्या किमतीइतका होऊ शकतो, आणि म्हणूनच असे अनेक ट्रॅक्टर वरून चकचकीत दिसत असतानाच विक्रीला निघतात.

त्यामुळे पाहायला जाल तेव्हा विक्रेत्याने अंगणात दोन फेऱ्या मारून दाखवल्या एवढ्यावर समाधान मानू नये. इंजिन थंड आहे ना, हे सुरू करण्याआधी हात लावून पाहावे, कारण आधीच तापवून ठेवलेले यंत्र थंड असताना सुरू होताना काय त्रास देते ते कळत नाही. मग परवानगी घेऊन अर्धा तास खरोखर गवत कापावे, आणि यंत्र पुरते तापले की जवळच्या चढावर न्यावे. तेथे ते थंड असताना जेवढ्या जोमाने चढले असते तेवढ्याच जोमाने चढले तर गिअरबॉक्स ठीक आहे असे समजावे. चढले नाही तरी लगेच गिअरबॉक्स गेला असे धरू नये. पट्टा झिजलेला असतो, किंवा यंत्र हाताने ढकलता यावे म्हणून मागच्या बाजूला जी दांडी दिलेली असते ती अर्धवट ओढलेली राहिलेली असते. एवढी साधी गोष्ट तपासली तर कधी कधी चांगले यंत्र स्वस्तात मिळून जाते.

डोंगराळ जमीन असेल किंवा ओढकाम करायचे असेल तर गार्डन ट्रॅक्टर म्हणून ओळखला जाणारा जड वर्ग पाहावा. इंटरनॅशनल हार्वेस्टरने १९६१ मध्ये कब कॅडेट आणला, जॉन डिअरने १९६३ मध्ये ११० हे मॉडेल आणले, आणि इंडियाना राज्यातील व्हील हॉर्सची यंत्रेही त्याच काळात घरोघरी पोहोचली. या यंत्रांचे गिअरबॉक्स ओतीव लोखंडाचे आणि सांगाडा जाड पोलादाचा असल्यामुळे त्यांतली पुष्कळ आजही काम करताना दिसतात. मजबुतीत त्यांना तोड नाही, हे मी मनापासून मानतो. तरीही पहिल्यांदाच घर घेतलेल्या आणि स्वतः पाना हाती न घेणाऱ्या माणसाला मी ती सुचवणार नाही. कब कॅडेटचा व्यवसाय १९८१ मध्ये एमटीडी या कंपनीकडे गेला आणि व्हील हॉर्स १९८६ मध्ये टोरो या कंपनीने घेतली. नावे टिकली, पण जुन्या मॉडेलांचे सगळे भाग टिकले नाहीत. जॉन डिअर ३१८ हे ऐंशीच्या दशकातले मॉडेल तर या बाबतीत चांगलेच बोलके आहे. यंत्र अतिशय भक्कम, पण त्यावरच्या ओनान इंजिनाचे भाग आता दुर्मीळ आणि महाग झाले आहेत. पंचवीस-तीस वर्षांपूर्वीच्या जॉन डिअर ४२५ मध्ये कावासाकीचे पाण्याने थंड होणारे उत्तम इंजिन आहे, पण त्यातले कॅमचे, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याचे, प्लास्टिकचे गिअर कालांतराने तुटतात. ते बदलले आहेत का आणि त्याची पावती आहे का, हे विचारल्याखेरीज ते यंत्र घेऊ नये.

माझ्या मते बहुतेक कुटुंबांसाठी दहा-पंधरा वर्षे जुना, मोठ्या दुकानातून नव्हे तर अधिकृत विक्रेत्याकडून मूळ विकला गेलेला मधल्या प्रतीचा ट्रॅक्टर सर्वांत योग्य. येथेही नुसत्या मालिकेच्या नावावर जाऊ नये, कारण एकाच मालिकेतल्या खालच्या मॉडेलला हलका आणि वरच्याला जड गिअरबॉक्स असू शकतो. आसनाखालच्या किंवा सांगाड्यावरच्या पट्टीवरून मॉडेल क्रमांक उतरवून घ्यावा आणि भागांच्या यादीत गिअरबॉक्स कोणता आहे ते पाहावे. क्राफ्ट्समनच्या बाबतीत तर हा क्रमांक फारच उपयोगी पडतो. क्राफ्ट्समन हे नाव ज्या सीअर्स या दुकानसाखळीचे होते ती ही यंत्रे स्वतः बनवत नसे, दुसऱ्यांकडून बनवून घेई. क्रमांक ९१७ ने सुरू होत असेल तर ते यंत्र पुढे हस्कवार्नाकडे गेलेल्या कारखान्याचे आणि २४७ ने सुरू होत असेल तर एमटीडीचे. सीअर्सने २०१८ मध्ये दिवाळखोरी जाहीर केली असली तरी हे तीन आकडे वाचता आले तर योग्य भाग अजूनही मागवता येतात.

इंजिनाबद्दल थोडक्यात सांगतो. कोहलरचे कमांड आणि कावासाकीची इंजिने यांवर दुरुस्ती करणाऱ्यांचा विश्वास आहे. कोहलरच्याच एका सिलिंडरच्या करेज इंजिनात आवरणाचे बोल्ट ढिले होऊन ते तडकल्याची तक्रार त्यांना चांगली परिचित आहे. ब्रिग्ज अँड स्ट्रॅटनचे एक सिलिंडरचे इंजिन सेल्फ मारताना मध्येच अडकत असेल तर बॅटरीला दोष देण्याआधी व्हॉल्व्हची फट तपासून घ्यावी. बऱ्याचदा ती नीट लावली की काम भागते. सुरू होताना निळसर धूर थोडा येऊन थांबला तर हरकत नाही, काम करताना सतत येत असेल तर इंजिन ऑइल खात आहे. ऑइलची दांडी काढून पाहावी, दुधाळ रंग दिसला तर परत फिरावे.

तासांच्या मीटरवर डोळे झाकून विश्वास ठेवू नये. ४२ इंची डेकने, म्हणजे पाती ज्याखाली फिरतात त्या पत्र्याच्या कवचाने, एक एकर कापायला वळणांसह साधारण तास लागतो, म्हणजे आमच्या भागात वर्षाला ३० तासांच्या आसपास. दहा वर्षांच्या यंत्रावर ३०० तास असतील तर ते पटते. ६० असतील तर पायपट्टीचे रबर, आसनाची फाटलेली शिवण आणि टायरची झीज पाहावी. या तीन जागा मीटरपेक्षा खरे सांगतात. पुढच्या चाकांजवळ वाकून ती हलवून पाहावीत. स्टिअरिंगमध्ये फार प्ले असेल तर पत्र्याचे दाते झिजलेले असतात. हा भाग मिळतो, पण किंमत कमी करून घ्यायला ते चांगले कारण आहे. डेकच्या आतला भाग पाहिल्याशिवाय तर कधीच पैसे देऊ नयेत. ओले गवत आत चिकटून राहिले की पत्रा आतून कुजतो, आणि वरचा रंग शाबूत असतो. इंजिन बंद करून, किल्ली काढून, स्पार्क प्लगची वायर सोडवून ठेवावी आणि मगच डेकखाली हात घालावा. स्क्रू-ड्रायव्हरने पत्रा खरवडून बघावा, प्रत्येक पाते हाताने फिरवावे आणि बेअरिंग घरघरते का ते ऐकावे.

आता ज्या गोष्टीसाठी मी खरे तर लेखणी उचलली त्या गोष्टीकडे येतो. जुन्या यंत्रांत अनेकदा आधीच्या मालकाने आसनाखालचे सुरक्षेचे बटण वायर जोडून निकामी केलेले असते, म्हणजे पाती चालू असताना माणूस उठला तरी इंजिन बंद पडत नाही. ते तपासायला अगदी सोपे आहे: मोकळ्या जागेत पाती सुरू करून आसनावरून नुसते उचलल्यासारखे व्हावे, इंजिन तत्काळ बंद पडले पाहिजे. नाही पडले तर काही डॉलरांचे ते बटण बसवून घेतल्याशिवाय यंत्र वापरू नये. आपल्याकडे नातवंडांना मांडीवर घेऊन ट्रॅक्टरवर बसवण्याची हौस असते. गावाकडे शेती असलेल्या घरांत ते कौतुकाचे मानले जाते, आणि उन्हाळ्यात येथे आलेले आजी-आजोबाही तसे करताना मी पाहिले आहेत. लॉन ट्रॅक्टरची पाती चालवणाऱ्याच्या पायांखालीच फिरत असतात, आणि मांडीवरून घसरलेले मूल थेट त्यांच्यापाशी पडते. येथील बालरोगतज्ज्ञांची संघटना, अमेरिकन ॲकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्स, १६ वर्षांखालील मुलांनी असे यंत्र चालवू नये आणि कोणत्याही मुलाला त्यावर सोबत बसवू नये असे सांगते. गवत कापायचे असेल तेव्हा मुले घरात असावीत. उताराच्या बाबतीत उत्पादकांची मर्यादा सहसा १५ अंशांची असते, आणि लॉन ट्रॅक्टर उतारावर आडवा न नेता वरखाली न्यावा, कारण आडवा गेल्यास तो कुशीवर कलंडतो.

खरेदीचा काळ निवडता येत असेल तर सप्टेंबर ते नोव्हेंबर हा काळ चांगला. हंगाम संपत आलेला असतो, यंत्र हिवाळाभर ठेवायला जागा नसते, आणि मार्चमध्ये ज्या यंत्रासाठी तीन गिऱ्हाइके रांगेत असतात त्याच्यासाठी तेव्हा विक्रेता स्वतः फोन करतो. मोटारगाडीसारखी या यंत्रांची सहसा नोंदणी नसते, म्हणून मॉडेल व अनुक्रमांक लिहिलेली, विक्रेत्याची सही असलेली पावती घ्यावी. चोरीचा माल निघाला तर तेवढाच आधार असतो. घरी आणल्यावर पहिल्याच दिवशी इंजिनाचे ऑइल, फिल्टर आणि पट्टे बदलावेत, टाकीतले जुने पेट्रोल काढून टाकावे, आणि १५ टक्के इथेनॉल असलेले पेट्रोल त्यात कधीही भरू नये.

आपल्या अमेरिकास्थित वाचकांपैकी ज्यांच्याकडे असा जुना ट्रॅक्टर आहे त्यांनी त्याचे मॉडेल, वर्ष, तास, जमीन सपाट की चढाची आणि आजवर कोणता भाग बदलावा लागला एवढी माहिती आपल्याकडे लिहून पाठवावी आणि आपण ती या सदरात छापावी, अशी विनंती आहे. पुढच्या वसंतात घर घेणाऱ्या कुटुंबांना ती दुकानातल्या माहितीपत्रकापेक्षा अधिक उपयोगी पडेल.

आपला नम्र,
एक वाचक
मध्य ओहायो, अमेरिका