बरगडीची कूर्चा वाचवता येते

महोदय,
स्तनकर्करोगानंतर पोटावरील त्वचा व चरबी वापरून केलेल्या स्तन-पुनर्रचनेत नव्या स्तनाच्या आकाराचीच चर्चा होते. त्याच्या वरच्या बाजूस छातीवर कधीकधी पडणाऱ्या खळग्याविषयी मात्र क्वचितच बोलले जाते. प्रत्यारोपित ऊतीच्या रक्तवाहिन्या उरोस्थीलगतच्या (छातीच्या मधल्या हाडालगतच्या) रक्तवाहिन्यांना जोडण्यासाठी पुष्कळदा तिसऱ्या बरगडीच्या कूर्चेचा, म्हणजे तिच्या पुढच्या लवचीक भागाचा, तुकडा काढतात, आणि बारीक अंगाच्या स्त्रीत ती पोकळी त्वचेवरूनही जाणवते. दोन बरगड्यांमधील जागा पुरेशी रुंद असल्यास कूर्चा न कापता तेथूनच जोडणी करता येते. अरुंद जागेत सूक्ष्मदर्शकाखाली टाके घालणे कसबाचे काम आहे, हे मान्य. तरीही, नंतर चरबी टोचून खळगा भरण्यापेक्षा हा पर्याय शस्त्रक्रियेपूर्वीच रुग्णेसमोर मांडला जावा.

— एक वाचक, पुणे