डिक्कीत पाणी येतेय? बीडिंग बदलण्याआधी स्पॉइलर उतरवून पाहा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

पहिले दोन-तीन जोराचे पाऊस झाले की लहान हॅचबॅक गाड्यांच्या मालकांची ठरलेली तक्रार गॅरेजांत येऊ लागते: डिक्कीत पाणी शिरते, स्टेपनीच्या खड्ड्यात डबके साचते, काचा बंद केल्या की कुबट वास मारतो. बहुतेक ठिकाणी यावर डिक्कीचे बीडिंग, म्हणजे दाराभोवतीची रबरी पट्टी, बदलून दिले जाते. ग्राहक पैसे मोजतो आणि पुढच्या पावसात पाणी पुन्हा हजर होते. अशा पुष्कळ गाड्यांत पाणी बीडिंगमधून येतच नसते. छताच्या मागच्या कडेला, काचेच्या वर जो स्पॉइलर (बाहेर आलेली आडवी पट्टी) असतो, त्याला पत्र्याशी जोडणाऱ्या स्टडच्या (आटे असलेल्या दांड्यांच्या) भोकांतून ते डिक्कीच्या दारात उतरत असते. स्पॉइलर तडकला म्हणून, रंग उडाला म्हणून किंवा गाडी साधी दिसावी म्हणून तो कायमचा काढून टाकणाऱ्यांच्या गाड्यांत तर हे हमखास घडते. स्पॉइलर उतरवणे हे दीड-दोन तासांचे काम आहे. त्यामागे उरणारी भोके, वायर आणि पाण्याची नळी यांचे काय करायचे, यात खरी कारागिरी आहे आणि नेमके तेच घाईत उरकले जाते. म्हणून हे पत्र.

आधी पाणी कुठून येते ते ठरवावे. पाऊस पडून गेल्यावर डिक्की उघडताच दाराच्या आतल्या प्लास्टिकच्या आवरणातून (ट्रिममधून) पाणी ओघळत असेल, तर ते दाराच्या पोकळीत शिरले आहे. म्हणजे स्पॉइलरचे स्टड, वरचा तिसरा ब्रेक दिवा किंवा मागच्या वायपरचा दांडा, यांपैकी एक जागा दोषी. दार कोरडे आणि स्टेपनीचा खड्डा ओला असेल, तर टेल लॅम्पचे गॅस्केट, बंपरआडची हवेची झडप किंवा छताचा सांधा तपासावा. तिथे स्पॉइलरचा संबंध नाही. शंका उरली तर ट्रिम काढून एकाने टॉर्च घेऊन आत बसावे आणि दुसऱ्याने बाहेरून साध्या पाइपने पाणी सोडावे. जोराचा फवारा नको. खालून सुरुवात करून दोन-तीन मिनिटे एकेका जागी थांबत वर जावे. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडे ओघळते आणि काहीच कळत नाही. आतल्या सांध्यांवर टाल्कम पावडर भुरभुरली की पाण्याची वाट स्पष्ट उमटते. दाराच्या खालच्या कडेला पाणी निघून जाण्यासाठी छोटी छिद्रे असतात, ती चिखलाने बुजली आहेत का तेही पाहावे.

आता काढण्याबद्दल. सुरुवातीलाच एक फरक लक्षात घ्यायला हवा. कारखान्यातून आलेल्या स्पॉइलरची भोके रंगकामाआधीच पाडलेली असतात, त्यामुळे त्यांच्या कडांनाही गंजरोधक थर बसतो. शोरूममध्ये किंवा ॲक्सेसरीच्या दुकानात बसवलेल्या स्पॉइलरची भोके ड्रिलने नंतर पाडतात. तिथे पत्र्याची कड उघडी राहते आणि रत्नागिरी-मालवणसारख्या खाऱ्या हवेत ती लवकर गंजते. म्हणून दुसऱ्या प्रकारात आत गंज सापडणार असे धरूनच कामाला लागावे.

कारखान्याचा स्पॉइलर कायमचा काढण्याआधी त्याच मॉडेलच्या सर्वांत स्वस्त व्हेरिएंटशेजारी आपली गाडी उभी करून पाहावी. त्या गाडीला स्पॉइलर नसेल आणि तिसरा ब्रेक दिवा काचेच्या आत किंवा थेट पत्र्यात असेल, तर तसे रूप आपल्या गाडीला देणे शक्य असते. प्रत्येक व्हेरिएंटला स्पॉइलर असेल, तर त्याखालचा पत्रा उघडा राहण्यासाठी घडवलेलाच नसतो. काही गाड्यांत तिथे खोलगट चर असतो, काहींत रंगाचा वरचा थर नीट दिलेला नसतो, काहींत काचेच्या वरच्या कडेचे चिकटद्रव्य उन्हात उघडे पडते. अशा गाडीचा स्पॉइलर काढू नये. तुटला असेल तर नवा घ्यावा.

सामान फारसे लागत नाही: दहा नंबरची खोल गोटी (नट खोलायचे सॉकेट), दीडशे मिलिमीटरचे एक्स्टेन्शन, ट्रिम उचकटायच्या प्लास्टिकच्या पट्ट्या, मास्किंग टेप, हेअर ड्रायर आणि मासेमारीची अर्धा मिलिमीटर जाडीची तंगूस. ट्रिमच्या सहा-आठ जादा क्लिपाही आधीच आणून ठेवाव्यात, कारण जुन्या नायलॉनच्या क्लिपा थंडीत हमखास तुटतात. किल्ली बंद ठेवून डिक्की पूर्ण उघडावी. ट्रिमच्या हँडलच्या खाचेत बहुधा एक-दोन स्क्रू दडलेले असतात, ते न काढता ट्रिम ओढली की ती तिथेच फाटते. क्लिपा पत्र्याला काटकोनात ओढाव्यात, तिरक्या नकोत.

ट्रिमखाली दाराच्या आतल्या पत्र्यात गोल भोके दिसतात, काहींवर रबरी बुचे असतात. त्यांतून स्टडवरच्या नटांपर्यंत गोटी पोचते. लहान गाड्यांत हे बहुधा सहा मिलिमीटरचे स्टड आणि दहाचे नट असतात. किती आणि कुठे, ते गाडीगणिक बदलते. नट सैल करण्याआधी खालच्या पोकळीत जुने फडके कोंबावे आणि गोटीत थोडे ग्रीस लावावे, म्हणजे नट गोटीला चिकटून बाहेर येतो. पोकळीत पडलेला नट काढायला तासभर जातो आणि तसाच राहिला तर प्रत्येक खड्ड्यावर खडखडतो.

नट गंजलेला असेल तर गंज सोडवणारे तेल मारून तासभर वाट पाहावी. इथे जोर लावला की वेगळेच बिघडते. स्टड प्लास्टिकमध्ये रोवलेल्या धातूच्या गुटक्यात असतो. तो गुटका सुटला की नटाबरोबर स्टडही फिरत राहतो आणि मग ना नट निघत, ना स्पॉइलर. तसे झालेच तर आतल्या बाजूने मिनी हॅकसॉच्या पात्याने स्टड कापावा. बाहेरून पहार लावून उचकटला की छताची कड दबते, आणि ती सरळ करून रंगवण्याचा खर्च स्पॉइलरच्या किमतीपुढे जातो.

तिसरा ब्रेक दिवा स्पॉइलरमध्ये असेल तर त्याच्या वायरचा कपलर (जोड) सोडवावा, आणि मागच्या काचेवर पाणी मारणारा नोझल तिथेच असेल तर त्याची नळीही. नळीतले उरलेले पाणी सांडते, खाली फडके धरावे. वायर आणि नळी ओढून काढण्याआधी त्यांच्या टोकाला दोन हात लांब दोरा बांधावा. तो पोकळीत राहिला की परत ओवताना शोधाशोध होत नाही.

आता स्पॉइलर क्लिपा आणि डबल टेप यांवरच टिकून असतो. छताच्या कडेवर मास्किंग टेपचे दोन थर लावावेत. ड्रायरने टेपची जागा गरम करावी, हात टेकवता येईल इतपतच. हीट गन वापरायची असेल तर ती वीतभर लांब आणि सतत फिरती ठेवावी, आणि काचेकडे तोंड करू नये. थंड टफन काच एका जागी तापली तर क्षणात चुरा होते. मग तंगुशीची दोन्ही टोके लाकडाच्या तुकड्यांना गुंडाळून करवतीसारखी मागेपुढे ओढत टेपचा फोम कापावा. धातूची पट्टी किंवा स्क्रूड्रायव्हर आत घालू नये. या वेळी दुसऱ्या माणसाने स्पॉइलर धरलेला असावा. वजन फार नसते, पण एक टोक सुटले की दुसरे काचेवर आपटते.

पत्र्यावर उरलेला टेपचा गोंद अंगठ्याने चोळून गोळ्या करत काढावा, उरलेला आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावा. आपल्याकडे थिनरची बाटली सहज हाताला येते. थिनर लोकल गॅरेजमध्ये परत रंगवलेल्या पॅनेलचा रंग उचलतो, आणि स्पॉइलर एबीएस प्लास्टिकचा असेल तर त्यावर बारीक तडे पाडतो. तोच स्पॉइलर परत बसवायचा असेल तर थिनर लांबच ठेवलेला बरा. काढल्यावर खालचा रंग नव्यासारखा आणि आजूबाजूचा उन्हाने फिकटलेला दिसतो, लाल गाड्यांत जास्तच. कंपाऊंड आणि पॉलिशने फरक कमी होतो, पूर्ण जाईलच असे नाही. हे ग्राहकाला आधीच सांगावे.

मुख्य काम यानंतरचे. भोकाच्या कडेचा गंज पॉलिश पेपरने चकचकीत पत्र्यापर्यंत घासावा, इपॉक्सी प्रायमर आणि त्यावर रंगाचा टचअप द्यावा, तो पूर्ण वाळू द्यावा. मग भोकाचे माप व्हर्नियर कॅलिपरने घेऊन त्याच मापाचे रबरी किंवा प्लास्टिकचे बूच बसवावे आणि त्याच्या ओठाखाली पॉलियुरेथेन सीलंटची सलग वळी द्यावी. अंदाजाने आणलेले बूच एक मिलिमीटरने लहान असले तरी पाणी शिरते. बूच दिसू नये असा आग्रह असेल तर आतून पत्र्याची चकती स्ट्रक्चरल इपॉक्सीने चिकटवून वरून फिनिशिंग करता येते. वेल्डिंगही होते, पण ते करताना काच काढावी लागते, आतला गंजरोधक थर जळतो आणि छताच्या कडेचा पातळ पत्रा ओढला जातो. आत वॅक्स मारले नाही तर दोन पावसाळ्यांत तिथून फुगवटा येतो. तीन-चार भोकांसाठी आम्ही वेल्डिंग सुचवत नाही.

दोन चुका मात्र अगदी सर्रास दिसतात. एक, भोकात नुसती पुट्टी भरून वरून रंग मारणे. पुट्टी पाणी शोषते, दार आपटून-आपटून तडकते, आणि रंगाखाली गंज दडून वाढत राहतो. दुसरी, बाथरूमचे सिलिकॉन. ज्या सिलिकॉनला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो ते वाळताना ॲसिटिक ॲसिड सोडते. ते उघड्या पत्र्याला गंजवते, शिवाय त्या जागेवर पुन्हा रंग धरत नाही.

वायर आणि नळी नुसती आत सोडून देऊ नये. नळीला बूच मारले नाही, तर मागच्या वॉशरचे बटण दाबताच टाकीतले पाणी दाराच्या पोकळीत, म्हणजे लॉक आणि वायरिंगवर जाते. नोझल गेला तर कोरड्या काचेवर वायपर फिरवल्याने चरे पडतात, तेव्हा नोझलसाठी दुसरी जागा करून द्यावी. तिसरा ब्रेक दिवा तर कुठल्याही परिस्थितीत घालवू नये. मागच्या चालकाला, विशेषतः ट्रक-बसच्या चालकाला, तोच आधी दिसतो. अमेरिकेत १९८६ च्या मॉडेलपासून तो प्रवासी गाड्यांना सक्तीचा झाला तो याच कारणाने. स्वस्त व्हेरिएंटचा काचेआडचा दिवा बसवता येतो. कपलर वेगळा असू शकतो, पण व्होल्टेज तेच १२ असते. बसवल्यावर ब्रेक दाबून तिन्ही दिवे लागतात का ते दुसऱ्या माणसाकडून पाहून घ्यावे.

स्पॉइलर काढल्याने गाडी अस्थिर होईल का, हेही लोक विचारतात. हॅचबॅकचे छत मागे एकदम तुटते, तिथून हवा सुटून काचेमागे भोवरा तयार होतो आणि धूळ-चिखल काचेवर ओढून आणतो. कडेचा लहान स्पॉइलर हवेला जरा लांब नेऊन सोडतो, हवेने गाडीचा मागचा भाग वर उचलला जाणे थोडे कमी करतो. शहरातल्या चाळीस-पन्नासच्या वेगाला यातले काही जाणवत नाही. द्रुतगती मार्गावर १०० च्या वेगात काच थोडी लवकर मळेल, इतकेच. अर्थात कारखाना स्पॉइलर नुसत्या शोभेसाठी देतो असेही मानू नये. ऑडीची टीटी ही छोटी कूपे गाडी आधी स्पॉइलरविना आली होती. अतिवेगातल्या अपघातांनंतर कंपनीने गाड्या परत बोलावून मागे स्पॉइलर लावला.

फक्त गळतीसाठी उतरवलेला स्पॉइलर परत बसवताना स्टडभोवतीचे फोमचे वॉशर नवेच घ्यावेत. दबलेला जुना फोम पुन्हा फुलत नाही, आणि गळतीचे मूळ बहुतेक वेळा तोच असतो. नट चार-पाच न्यूटन-मीटरपेक्षा जास्त आवळू नयेत, म्हणजे गोटी हातात धरून मनगटाच्या जोराने, लांब रॅचेटने नाही. नवा ॲक्रिलिक फोम टेप लावण्याआधी पत्रा अल्कोहोलने पुसलेला, कोरडा आणि किमान पंधरा अंश सेल्सिअस हवा. महाबळेश्वरला डिसेंबरच्या सकाळी तो आधी ड्रायरने कोमट करावा लागतो. टेपची पूर्ण पकड यायला ७२ तास लागतात. तेवढे दिवस प्रेशर वॉशिंग नको. त्यानंतर सुरुवातीला केली तीच पाइपची चाचणी, ट्रिम लावण्याआधी, पुन्हा करावी.

गॅरेजचालकांना आमची विनंती आहे की स्पॉइलर काढला असेल तर भोके कशाने बुजवली, नळी आणि दिव्याचे काय केले, हे जॉब कार्डवर लिहून द्यावे. जुनी हॅचबॅक घेणाऱ्यांनी छताच्या मागच्या कडेवरून, काचेच्या वर, बोट फिरवून पाहावे. गोल उंचवटा किंवा खोलगट ठसा लागला, तर विकणाऱ्याला डिक्कीची ट्रिम काढून दाखवायला सांगावे.

आपले,
गाड्यांच्या बॉडीचे काम करणारे काही कारागीर,
भोसरी, पुणे