टरेटवरचा आकडा टेपने तपासावा

मा. संपादक,
यांस सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीत लांब पल्ल्याच्या रायफल नेमबाजीवर आलेला लेख वाचला. या विषयावर मराठीत फारसे कोणी लिहीत नाही, त्यामुळे लेखाचे स्वागतच आहे. मात्र स्कोपच्या, म्हणजे रायफलवरच्या दुर्बिणीच्या, क्लिकची (नेम सरकवणाऱ्या एकेका टप्प्याची) अचूकता तपासण्याची जी कृती त्यात दिली आहे, तिच्या आधारे एखादा नवखा नेमबाज चांगला स्कोप परत करील किंवा, त्याहून वाईट म्हणजे, सदोष स्कोपवर निर्धास्तपणे विसंबेल, अशी भीती वाटते. म्हणून हे पत्र. माझी नोकरी पिंपरीतल्या एका कारखान्याच्या मापन विभागात, मायक्रोमीटर आणि गेज तपासण्यात गेली. स्कोपचा टरेट, म्हणजे नेम वर-खाली करण्याची फिरती चकती, हा आतून एक बारीक आट्यांचा स्क्रूच असतो, त्यामुळे या लेखातला तो परिच्छेद मला जरा जास्तच खटकला असेल.

लेखकाने १०० यार्डांवर तीन गोळ्या झाडल्या, टरेट ४० क्लिक वर फिरवला, त्याच खुणेवर नेम धरून पुन्हा तीन झाडल्या, दोन ग्रुपमधले (गोळ्यांच्या पुंजक्यांमधले) अंतर 'जवळपास ४० सेंटिमीटर' भरले आणि तेवढ्यावर स्कोप अचूक असल्याचा निर्वाळा दिला. ०.१ मिलचा एक क्लिक एक सेंटिमीटर होतो, पण तो १०० मीटरवर. मिल म्हणजे अंतराचा हजारावा भाग आणि १०० यार्ड म्हणजे ९१.४४ मीटर, तेव्हा तेथे ४० क्लिकला ३६.६ सेंटिमीटरच सरकायला हवे होते. म्हणजे एकतर ती रेंज यार्डांची नसून मीटरची असावी, नाहीतर तो स्कोप नऊ टक्के जास्त चालत असावा. यांपैकी खरे काय, हे लेखावरून कळायला मार्ग नाही, आणि अंतर प्रत्यक्ष मोजल्याशिवाय खुद्द लेखकालाही ते कळणार नाही.

यार्ड आणि मीटर यांचा हा घोळ आपल्याकडे जुना आहे. ब्रिटिश काळात आखलेल्या रेंज यार्डांच्या, नव्या मीटरच्या, आणि बोलताना सगळेच 'शंभरावर' म्हणतात. मिनिटांत मोजणाऱ्या स्कोपची आणखी एक गंमत आहे. एक मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग. तो १०० यार्डांवर १.०४७ इंच भरतो, पण व्यवहारात सर्रास एक इंच धरला जातो, आणि काही स्कोपचे क्लिक मुळात इंचाच्याच हिशेबाने कापलेले असतात. शंभर यार्डांवर हा फरक कोणाच्या लक्षातही येत नाही. १००० यार्डांवर ३० मिनिटे चढवायची असतील, तर एका हिशेबाने ३१४ इंच होतात आणि दुसऱ्याने ३००. एफ-क्लास या स्कोप लावून खेळायच्या लांब पल्ल्याच्या स्पर्धेत १००० यार्डांच्या लक्ष्यावर दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यासच १० इंच असतो, हे लक्षात घेतले की १४ इंचांची किंमत कळते.

आता तीन-तीन गोळ्यांबद्दल. पाच गोळ्यांचा ग्रुप १०० मीटरवर सरासरी एका मिनिटात, म्हणजे २९ मिलिमीटरमध्ये बसवणारी रायफल चांगलीच म्हणायची. अशा रायफलच्या एकेका गोळीचे उभ्या दिशेतले प्रमाण विचलन साडेनऊ मिलिमीटरच्या आसपास येते, तीन गोळ्यांच्या मध्याचे साडेपाच, आणि दोन ग्रुपच्या मध्यांमधल्या अंतराचे पावणेआठ. स्कोप दोन टक्के चुकत असेल, तर ४० सेंटिमीटरमागे ती चूक होते आठ मिलिमीटर. जेवढी चूक शोधायची, तेवढीच मोजमापाची डळमळ असेल, तर त्या मापाला काय अर्थ उरला? सुदैवाने ग्रुप बरोबर जागी पडले तर स्कोप पास, न पडले तर नापास. मधल्या मध्ये स्कोपची परीक्षा झालेलीच नसते. टरेट १०० क्लिक फिरवला आणि दोन्ही ठिकाणी दहा-दहा गोळ्या झाडल्या, तर ही डळमळ अर्ध्या टक्क्याच्या खाली येते. पण आपल्याकडे चांगली सेंटरफायर काडतुसे मिळवताना काय यातायात करावी लागते, हे परवानाधारकांना सांगायला नको.

म्हणूनच या कामासाठी गोळी झाडूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. स्कोप एका जड, न हलणाऱ्या स्टँडवर घट्ट आवळावा, समोर बरोबर १०० मीटरवर सव्वा मीटर उंचीची, सेंटिमीटरच्या ठळक रेघा मारलेली पट्टी ओळंब्याने उभी करावी, क्रॉसहेअर (स्कोपमधल्या तारांची फुली) वरच्या रेघेवर आणावा, कारण टरेट वर नेला की तो पट्टीवर खाली उतरतो, आणि टरेट दोन-दोन मिल वर फिरवत पट्टीवर वाचन घ्यावे. स्कोपने टरेटबरहुकूम चालायचे म्हटले, तर दहा मिलला क्रॉसहेअर १०० सेंटिमीटर सरकला पाहिजे. टरेट वर नेताना घेतलेली वाचने तो खाली आणताना पुन्हा घ्यावीत. दोन्हींत फरक पडला तर तो स्क्रूचा बॅकलॅश, म्हणजे आट्यांमधला ढिलेपणा. शेवटी क्रॉसहेअर मूळ रेघेवर परतला पाहिजे; परतला नाही तर एकतर स्टँड हलला आहे किंवा स्कोप झिरोवर, म्हणजे टरेटच्या मूळ जागेवरच्या नेमावर, परत येत नाही, आणि यांतले कोणते हे ठरल्याशिवाय बाकीची वाचने कागदावर उतरवण्यात अर्थ नाही. पॅरॅलॅक्सची चकती १०० मीटरला लावून घ्यावी आणि डोळा मधोमध ठेवावा, नाहीतर मान जराशी कलली तरी क्रॉसहेअर पट्टीवर सरकलेला दिसतो.

यात सर्वांत जास्त हलगर्जी होते ती अंतराच्या बाबतीत. शिकारी बनावटीच्या लेझर रेंजफाइंडरमध्ये एक मीटर इकडेतिकडे सहज होते, आणि १०० मीटरमागे एक मीटर म्हणजे सरळ एक टक्का. शोधायची चूकही तेवढीच. पोलादी टेप ताणून धरून मोजावे, किंवा घराचे इंटिरिअर करणारे वापरतात त्या लेझर मीटरने, पट्टीजवळ फिकट रंगाची, न चकाकणारी पाटी लावून, संध्याकाळच्या मंद उजेडात मोजावे. माप पट्टीपासून स्कोपपर्यंतच घ्यावे. फायरिंग पॉइंटच्या रेघेपासून किंवा बाकाच्या कडेपासून घेतले, तर अर्धा मीटर नकळत खिशात पडतो. एवढे केल्यावर चूक पाव टक्क्याच्या आत राहायला हरकत नाही.

वाचने नुसती बेरीज करून संपवू नयेत, ती आलेखावर मांडावीत, कारण चुकीचा आकारच तिचे कारण सांगतो. टरेटचा स्क्रू आतल्या नळीला ढकलतो आणि समोरून स्प्रिंग तिला रेटून धरते. आट्यांचे अंतर आणि नळीची लांबी यांचा मेळ नसेल, तर चूक सुरुवातीपासून सारख्या प्रमाणात वाढत जाते. अशा स्कोपला मी वाईट म्हणणार नाही, कारण त्याचा गुणक काढता येतो. दहा मिल फिरवल्यावर पट्टीवर ९८ सेंटिमीटर भरले, तर हव्या असलेल्या प्रत्येक आकड्याला १.०२ ने गुणावे, ११.५ मिल हवे असतील, तर ११.७ लावावे आणि काम चालू ठेवावे. पण पहिल्या आठ मिलपर्यंत बरोबर चालून पुढे क्लिक वाजतात आणि क्रॉसहेअर मात्र जागचा हलत नाही, असा स्कोप कितीही महाग असला तरी हातातून काढून टाकावा. चाल संपत आली की नळी भिंतीला टेकते किंवा स्प्रिंगचा जोर कमी पडतो. विंडेज, म्हणजे नेमाची डावी-उजवीकडची चाल, खूप बाजूला नेलेले असेल, तर हे आणखी लवकर घडते, कारण गोल नळीत वरची जागा तेवढी कमी उरते.

ओळंब्याचा उल्लेख वर सहज आला असला तरी त्याचे काम मोठे आहे. टरेट वर नेताना क्रॉसहेअर ओळंब्याच्या दोरीवरूनच उतरला पाहिजे. तीन अंश तिरकस उतरला, तर दहा मिलच्या शेवटी तो १०० मीटरवर सव्वापाच सेंटिमीटर बाजूला गेलेला दिसतो, आणि तेवढीच उंची चढवून १००० मीटरवर मारलेली गोळी वारा नसतानाही ५२ सेंटिमीटर बाजूला पडते. असे नेमबाज वाऱ्याला दोष देत बसतात. स्कोपवर बसवलेली छोटी पाणसळ या चालीशी जुळवावी. क्रॉसहेअरची उभी तार कारखान्यातच किंचित फिरलेली असू शकते, तिच्यावर विसंबू नये.

हे सगळे प्रत्येकाला करावेच लागेल असे नाही. इंग्लंडमधल्या बिस्ले रेंजवर किंवा अन्यत्र होणाऱ्या एफ-क्लासमध्ये अंतर ठरलेले असते आणि सुरुवातीला अंदाजाच्या गोळ्या मिळतात. तेथे क्लिकचे निव्वळ माप थोडे चुकले तरी चालते, तो दर वेळी सारखाच चालला की पुरे. ऑलिंपिकच्या रायफल प्रकारांत तर स्कोपला परवानगीच नाही. आपल्या कोल्हापूरच्या स्वप्निल कुसाळे यांनी २०२४ मध्ये पॅरिसला ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये ४५१.४ गुणांसह कांस्यपदक मिळवले, ते बारीक छिद्राच्या डायॉप्टर साइटमधून पाहून, त्यामुळे लेखात त्यांचा दाखला अस्थानी होता. ज्यांना निरनिराळ्या अंतरांवर पहिलीच गोळी लागायला हवी, अशा स्पर्धकांचा आणि पोलीस दलांतल्या नेमबाजांचा प्रश्न वेगळा आहे. ७.६२ मिमीच्या रायफलला १००० मीटरसाठी साधारण १२ मिल चढवावे लागतात. त्यातले दोन टक्के गेले, की गोळी २४ सेंटिमीटर खाली किंवा वर.

एक मर्यादा मात्र मान्य केली पाहिजे. स्टँडवर आवळलेल्या स्कोपला रायफलचा धक्का बसत नाही, त्यामुळे धक्क्याने झिरो हलतो की नाही, हे या पद्धतीने कळत नाही. त्यासाठी पट्टीची चाचणी झाल्यावर स्कोप रायफलवर चढवून झिरो करावा, टरेट पूर्ण वर नेऊन काही गोळ्या झाडाव्यात, पुन्हा झिरोवर आणून पहिल्याच जागी गोळ्या पडतात का ते पाहावे.

नेमबाजी क्लबांनी आपल्या रेंजवर अशी एक पट्टी कायमची उभी करावी आणि प्रत्येक स्कोपच्या वाचनांचा कागद त्याच्या पेटीत ठेवावा, अशी सूचना आपल्या वृत्तपत्राच्या माध्यमातून करावीशी वाटते. खर्च नगण्य आहे. गंज न धरणारा पत्रा, पांढरा रंग आणि चांगला रंगारी एवढेच लागते. रेघा पाच मिलिमीटर जाडीच्या आणि मध्यापासून मध्यापर्यंत एक सेंटिमीटर अंतराच्या असाव्यात, कारण बऱ्याच स्कोपची तार १०० मीटरवर तीन मिलिमीटर झाकते आणि बारीक रेघ तिच्याआड हरवते. दर दहावी रेघ लाल आणि लांब असावी, नाहीतर दुपारच्या उकाड्यात हवा थरथरू लागली की मोजणारा हमखास एक रेघ चुकतो.

आपला,
एक निवृत्त मापन तंत्रज्ञ,
चिंचवड