साल्मियाचं घर आणि लाल नळ

मा. संपादक,
स. न. वि. वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत सुट्टी आली की एक विषय ठरलेला असतो, लहानपणीचं घर. कुणाचा वाडा, कुणाची पडवी, विहीर, फणसाचं झाड आणि शेवटी एक पडकी भिंत. मी सगळे लेख वाचते, आवडतातही. पण यावेळच्या लेखात शेवटी असं लिहिलंय की मुलांना एकदा तरी आपल्या लहानपणीच्या घरी न्या म्हणजे त्यांची नाळ जोडली जाते, तेव्हा म्हटलं आता लिहावंच, कारण मी गेल्या डिसेंबरात माझ्या दोघांना तसं नेऊन आणलंय आणि नाळबिळ काही जोडली गेलेली नाही.

आता माझं लहानपणीचं घर म्हणजे कोकणात नाही की देशावर नाही. ते कुवेतला, साल्मियामध्ये, एका चार मजली बिल्डिंगच्या तिसऱ्या मजल्यावर. भाड्याचं. असं सांगितलं की समोरचा माणूस पहिल्यांदा हसतो आणि मग म्हणतो, अच्छा, गल्फवाले का, म्हणजे सोनं आणि टेपरेकॉर्डर. तिथे कुणाचं घर असू शकतं हे लोकांच्या डोक्यात येतच नाही, आणि त्यांचंही बरोबरच आहे म्हणा, कारण तिथे राहायचा हक्क म्हणजे बाबांच्या पासपोर्टवरचा शिक्का, नोकरी आहे तोवर घर, नोकरी गेली की बॅगा भरा. पण मी नऊ वर्षांची होते आणि मला शिक्का वगैरे काही माहीत नव्हतं. मला फक्त जिना माहीत होता, बाल्कनी माहीत होती, खालचा बकाला म्हणजे वाण्याचं दुकान माहीत होतं आणि माझी लाल सायकल.

आमची गोष्ट थोडक्यात सांगते. जुलै १९९० मध्ये शाळेला सुट्टी लागली आणि आई, मी आणि भाऊ नेहमीसारखे दोन महिन्यांसाठी डोंबिवलीला आलो. बाबा मागे राहिले, त्यांना रजा नव्हती. २ ऑगस्टला, गुरुवार होता, इराकचं सैन्य कुवेतमध्ये घुसलं. फोन बंद. बाबा कुठे आहेत, आहेत की नाहीत, काही कळायला मार्ग नाही, आई रात्री रेडिओला कान लावून बसायची आणि काका सहार एअरपोर्टला जाऊन आलेल्या लोकांना विचारत फिरायचे की साल्मियातलं कुणी आहे का. बाबा सप्टेंबरमध्ये आले. बसने बसरा, बसरावरून बगदाद, तिथून जॉर्डनच्या बॉर्डरवर तंबूत, मग अम्मान आणि अम्मानवरून एअर इंडिया. लाखाच्या वर माणसं आणली त्यांनी तेव्हा, पाचशेच्या आसपास फ्लाइट्स करून. बाबांच्या हातात एक रेक्झिनची बॅग होती आणि दाढी वाढलेली, आणि मी त्यांना पहिला प्रश्न काय विचारला, तर माझी सायकल आणली का.

म्हणजे आम्ही घर सोडलंच नाही हो. आम्ही सुट्टीला आलो होतो. फ्रीज पुसून आई म्हणाली होती, आल्यावर बघू.

नंतर युनोकडून कॉम्पेन्सेशन मिळालं. कुवेत सोडावं लागलं म्हणून कुटुंबाला सरसकट ५ हजार डॉलर, आणि बाकी कुठल्या नुकसानीचा क्लेम करणार नाही असं लिहून दिलं तर ८ हजार. बाबांनी लिहून दिलं. पावत्या कुठे होत्या त्यांच्याकडे. पैसे यायलाही काही वर्षं गेली, पण आले, आणि आमच्या डोंबिवलीच्या फ्लॅटमध्ये त्यातले बरेचसे आहेत. घरात त्यावर कधी बोलणं झालं नाही.

असो. तर आता पस्तीस वर्षांनी माझा मावसभाऊ तिथे नोकरीला आहे, त्याने व्हिसाचं बघितलं, आणि मी बाबांना म्हटलं चला. मुलगा नऊ वर्षांचा, बरोब्बर माझ्या तेव्हाच्या वयाचा, मुलगी पाच. नवऱ्याला सुट्टी नव्हती. आई म्हणाली मी नाही येणार, माझी भांडी तिथे आहेत आणि ती आता कुणाच्या घरात बघायची माझी इच्छा नाही. बाबा काहीच बोलले नाहीत, फक्त दुसऱ्या दिवशी नवीन बूट घेऊन आले.

विमानात मुलांना सांगून झालं होतं की तिकडचं घड्याळ अडीच तास मागे असतं. मुलगी म्हणाली म्हणजे आपण अडीच तास लहान होणार. मला तेव्हा फार गोड वाटलं होतं.

पहिले दोन दिवस फिरण्यात गेले. कुवेत टॉवर्स दाखवले, ते १९७९ साली उघडलेले, सगळ्यात उंच १८७ मीटर, निळ्या हिरव्या टिकल्या लावलेल्या गोळ्यांचे. मुलाला ते फार काही वाटले नाहीत, पण बाबा म्हणाले अरे ही पाण्याची टाकी आहे, तेव्हा तो थांबला. बाबांनी मग नीट सांगितलं त्याला, की या देशात नदीच नाही, समुद्राचं पाणी गोडं करून टाक्यांमध्ये चढवतात, मोठ्या टॉवरच्या खालच्या गोळ्यात पाणी आहे, दुसऱ्यातही आहे, आणि तिसरा जो सुईसारखा आहे त्यात काही नाही, तो बाकीच्या दोघांवर लाइट टाकतो. मुलगा म्हणाला म्हणजे तो नुसता उभा असतो का. बाबा म्हणाले हो, माझ्यासारखा.

मी मुलाला एन्टरटेनमेंट सिटीचं आश्वासन देऊन ठेवलं होतं. १९८४ ला सुरू झालेलं मोठं अम्युझमेंट पार्क, आमच्या लहानपणी शुक्रवारी तिथे जायचं म्हणजे आदल्या रात्री झोप नाही यायची. माझ्या डोक्यात ते इतकं पक्कं उभं होतं की मी नेटवर बघितलंसुद्धा नाही. ते बंद झालं आणि पाडूनही टाकलं. मुलाने माझ्याकडे असं बघितलं जसं काही मी खोटं बोलून त्याला आणलं. मग मॉलमध्ये गेलो. त्याला कुवेतचं सगळ्यात जास्त काय आठवतं तर मॉलमधली काचेची लिफ्ट.

तिसऱ्या दिवशी घर. तिथे पत्ता ब्लॉक, स्ट्रीट, बिल्डिंग असा नंबरांनी असतो, पण बाबांना नंबर आठवेना, ते मशीद आणि तिच्यापुढचं वळण यावरून चालत होते. आम्ही मोबाइलवर मॅप उघडून मागे आणि बाबा नवीन बुटात पुढे, जवळजवळ पळत. बिल्डिंग आहे अजून. रंग बदललाय, बाल्कन्यांना काचा लावून टाकल्यात. खाली हारिस बसला होता, म्हणजे बिल्डिंगचा राखणदार, बाबांनी त्याच्याशी मोडक्या अरबीत काहीतरी बोलून त्याला हसवलं. मला माहीतच नव्हतं बाबांना अजून अरबी येतं.

जिना चढताना माझं काय झालं ते मला नीट सांगता येणार नाही. पायऱ्या माझ्या आठवणीपेक्षा बुटक्या होत्या, पण वळणावर हात आपोआप कठड्यावर गेला, आणि एक पायरी सोडून दुसरीवर पाय टाकत मी चक्क मुलांच्या पुढे निघून गेले. पाच सात सेकंद असतील. त्या वेळात मला मुलं आहेत हे मी विसरले होते, हे लिहायला लाज वाटतेय पण खरं आहे. तेवढ्यात मागून आवाज आला, आई शू.

मोठी नाही ना, असं विचारलं, ती म्हणाली माहीत नाही. ज्यांची मुलं पाच वर्षांची आहेत त्यांना यातली तातडी समजेल.

तर अशा रीतीने मी पस्तीस वर्षांनी माझ्या घराची बेल वाजवली. मी मनात किती वाक्यं तयार केली होती, आम्ही इथे राहायचो, माफ करा, दोन मिनिटं आत येऊ का. दार एका केरळी बाईंनी उघडलं, नर्स आहेत, नाइट ड्यूटी करून झोपल्या होत्या बिचाऱ्या, केस सुटलेले, आणि मी त्यांच्यापुढे पोरीला घेऊन उभी, ती दोन्ही पाय आवळून नाचतेय. त्यांनी काही विचारलंच नाही, बोट दाखवलं. बाथरूम कुठे आहे ते मला बोटाशिवायही माहीत होतं.

आता हे नीट सांगते. तिथे उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीतलं पाणी उन्हाने इतकं तापतं की निळ्या नळाला, म्हणजे गार पाण्याच्या नळाला हात लावला की भाजतं. म्हणून सगळ्यांची एक युक्ती असते, उन्हाळ्यात गिझर बंद ठेवायचा. मग बाथरूममध्ये सावलीत असलेल्या गिझरमधलं पाणी त्यातल्या त्यात गार राहतं, आणि गार पाणी हवं असेल तर लाल नळ सोडायचा. लहानपणी आम्हाला हेच शिकवलेलं, लाल म्हणजे गार. डोंबिवलीला आल्यावर कितीतरी दिवस मी उलटी वागायचे आणि भाऊ हसायचा.

पोरीचं झालं, तिला उचलून बेसिनपाशी धरलं, आणि मी डोळे मिटून सोडावा तसा लाल नळ सोडला. डिसेंबर होता. गिझर चालू होता. ती इतक्या जोरात किंचाळली की बाहेर सगळे उभे राहिले.

फार नाही भाजलं, बोटं लाल झाली, निळ्या नळाखाली धरून ठेवली दहा मिनिटं. पण ती दहा मिनिटं मी माझ्या घरात होते आणि मला फक्त तिची बोटं दिसत होती. ती रडत म्हणत होती तू का केलंस, तू का केलंस, आणि तिला काय सांगणार, की नळ मी नाही सोडला, तो एका नऊ वर्षांच्या मुलीने सोडला, जिला वाटलं ऑगस्ट आहे. आई झाल्यावर ही सोय नसते. मी सॉरी म्हटलं.

बाहेर आले तर त्या नर्सबाईंनी कुठलंतरी मलम काढून ठेवलेलं, बाबा बूट हातात घेऊन हॉलच्या दारातच उभे, आत पाऊल टाकलं नव्हतं त्यांनी. बसा म्हणाल्या तर नको नको करत राहिले. पोरगी हुंदके देत माझ्या खांद्यावर, मलाही मग बसावंसं वाटेना. निघालो.

जिन्यात मुलाने विचारलं, आजोबा, आईची सायकल कुठे ठेवायचे. आणि बाबा एकदम सरळ आवाजात म्हणाले, निघायच्या दिवशी मी ती गच्चीवर नेऊन ठेवली, पाण्याच्या टाकीच्या मागे, म्हटलं घरं फोडली तरी गच्चीवर कोण जातंय, परत आलो की आहेच. पस्तीस वर्षांत हे त्यांनी आम्हाला सांगितलेलं नाही. शहर लुटलं जातंय, बस सुटायचीय, पुढे हजार दीड हजार किलोमीटर काय होईल माहीत नाही आणि हा माणूस सायकल खांद्यावर घेऊन जिना चढतोय. चाळीस वर्षांचे होते ते तेव्हा. माझ्याहून चार वर्षांनी लहान.

मुलगा अर्थातच वर पळाला. गच्चीचं दार उघडं होतं. डिश अँटेना, टाक्या, वायरी, कबुतरांची घाण. त्याने प्रत्येक टाकीच्या मागे जाऊन बघितलं, अगदी वाकून, आणि येऊन म्हणाला नाहीये. हा त्याचा चेहरा मात्र मॉलच्या लिफ्टवाला नव्हता. बाबा म्हणाले अरे नेली असेल कुणीतरी, चालवली असेल, चांगलंय.

म्हणून म्हणते, की मुलांची नाळ जोडायला म्हणून नेऊ नका. त्यांना भिंती दाखवून काही होत नाही, त्यांना भूक लागते, शू लागते, कंटाळा येतो, आणि त्यांनी तरी काय म्हणून आपल्या आठवणींचं ओझं घ्यावं. स्वतःला जायचं असेल तर स्वतःसाठी जा आणि तसं सरळ सांगा घरात, शक्य असेल तर मुलांना सांभाळायला कुणीतरी बरोबर घ्या, हे मी अनुभवाने सांगतेय. आणि दुसरी एक विनंती, पुरवणीत कधीतरी अशाही घरांना जागा द्या, भाड्याच्या, व्हिसावरच्या, कुवेत मस्कत दोहा इथल्या. आमच्यासारखी बरीच माणसं आहेत आणि आमच्याकडे फणसाचं झाड नाही म्हणून आम्ही काही लिहून पाठवत नाही.

डोंबिवलीला परत आलो रविवारी रात्री. सोमवारी शाळा, मुलाचा प्रोजेक्ट राहिलेला, मुलीचा युनिफॉर्म इस्त्रीला दिलेला तो आणलेला नाही, डबे. त्या सगळ्या गडबडीत आई येऊन ओट्याशी उभी राहिली, भाजी निवडायला घेतली, आणि बराच वेळ झाल्यावर हळूच विचारलं, स्वयंपाकघराच्या खिडकीला जाळी आहे का गं अजून? मी लावून घेतली होती.

मी म्हटलं आई, मी स्वयंपाकघरात गेलेच नाही.

मग बघितलंस काय एवढ्या लांब जाऊन?

बाथरूम, म्हटलं. ती इतकी हसली की भाजीची परात ओट्यावरून खाली आली.

आपली एक वाचक,
डोंबिवली