एक खोड ठेवा

ला बुसिएर, बर्गंडी (फ्रान्स)
सप्टेंबर, मंगळवार रात्र

ती. आई व आप्पांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर आप्पांना निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं दादा मध्ये बोलून खातो, म्हणून लिहितेय. वहिनीला मोठ्या अक्षरात प्रिंट काढून द्यायला सांगितलंय. आई, तू वाचून दाखवलंस तरी चालेल, पण मधलं गाळू नकोस.

आधी तुझा प्रश्न. कीर्तनाला आलेल्या बायकांनी विचारलं, पोरगी दारूच्या बोटीवर असते म्हणे? त्यांना सांग, तरंगत्या लॉजवर स्वयंपाकाला असते. आठ पाहुणे, आम्ही सहा जण कामाला. मी किचनमधली दुसरी, म्हणजे मुख्य शेफ चिडला की ज्याच्यावर चिडायचं ती. आणि हो, वाइन चाखावी लागते, कारण कोणत्या भाजीसोबत काय द्यायचं ते कळायला हवं. पण चाखायची म्हणजे तोंडात घोळवून चूळ टाकल्यासारखी बादलीत टाकायची. त्यासाठी वेगळं भांडंच असतं. रोज संध्याकाळी कोरडीच असते असं शपथेवर सांगणार नाही, तुळशीची माळ तुझ्या गळ्यात आहे, माझ्या नाही. पण काळजी करण्यासारखं काही नाही.

आता बोट. तुम्हाला फोटोत जहाज दिसतं तसलं काही नाही हे. ३८ मीटर लांब, पाच मीटर रुंद, पोटाशी सपाट अशी लोखंडी मालवाहू बार्ज आहे. धान्य आणि वाळू वाहायची. जिथे वाळू भरायची तिथे आता चार खोल्या, प्रत्येकीत नहाणी, गरम पाणी, पांढरे टॉवेल. वर डेकवर टेबलं आणि सायकली. पाहुणे म्हणजे बहुतेक अमेरिकेतली म्हातारी जोडपी, तुमच्या वयाची. सहा रात्रींचे माणशी साडेपाच हजार युरो. आप्पा, हिशोब करू नका. केलाच असेल तर बरोबर आहे, नवरा-बायकोच्या आठवड्यात एक ट्रॅक्टर आणि वर ब्लोअर येतो.

एवढे पैसे देऊन ही माणसं हळू जायला येतात. आठवडाभर आम्ही जेमतेम ४० किलोमीटर जातो, म्हणजे निफाडहून नाशिक. कालव्याच्या काठाने जुनी वाट आहे, पूर्वी घोडे आणि माणसं दोर लावून बोटी ओढायची तिची. पाहुणे तिथे उतरून चालायला लागतात आणि पुढच्या पुलावर आमची वाट बघत उभे राहतात.

या बर्गंडी कालव्याचं आप्पांना आवडेल. १७७५ साली खोदायला घेतला, १८३२ साली पुरा झाला. २४२ किलोमीटर. मध्ये डोंगर आहे, तो ओलांडायला १८९ लॉक. लॉक म्हणजे दगडी हौद, दोन्ही टोकांना दार. बोट हौदात घ्यायची, मागचं दार लावायचं, पुढच्या दाराच्या झडपा उघडायच्या. पाणी खालच्या टप्प्यात निघून जातं आणि बोट हौदात बसत बसत खाली येते. मग दार उघडून पुढे. पंप नाही, मोटर नाही, रात्रीची लाइट येण्याची वाट बघणं नाही. मात्र पाणी सगळं माथ्यावरून, पुई गावाच्या आसपास बांधलेल्या तळ्यांतून येतं. उन्हाळ्यात तळी आटली की इथेही आवर्तन बंद आणि बोटी जागच्या जागी. पाटाच्या शेपटाला राहणाऱ्या माणसाला हे वेगळं सांगायला नको.

लॉकची मापं फ्रेसिने नावाच्या मंत्र्याने १८७९ मध्ये ठरवून दिली आणि बोटी त्या मापाला बेतून बांधल्या. त्यामुळे आत शिरल्यावर दोन्ही बाजूंना पंजाएवढी जागा उरते. गेल्या आठवड्यात शेवटच्या क्षणी मला फेंडर वर ओढायला सांगितलं होतं. फेंडर म्हणजे बोट घासू नये म्हणून कडेला लटकवतात ती रबरी उशी. माझ्या हातात कांदा होता. म्हटलं, एवढा चिरून जाते. तेवढ्यात फेंडर भिंत आणि बोट यांच्यात असा रुतला, की ३८ मीटरची बोट दोन पाहुण्यांच्या सूपसकट थांबली. अर्धा तास. कॅप्टन काही बोलला नाही, फक्त संध्याकाळी माझ्या ताटाशेजारी त्याने एक कांदा ठेवला.

आई, तुझ्यासाठी बोन गावातलं एक. १४४३ साली निकोला रोलें नावाच्या दिवाणाने आणि त्याच्या बायकोने, गिगोनने, गोरगरिबांसाठी दवाखाना बांधला. लांबलचक दालन, दोन्ही भिंतींना पलंग, प्रत्येकाला लाल पडदा, टोकाला देव्हारा, म्हणजे पडल्या पडल्या पूजा दिसावी. लोकांनी दान म्हणून द्राक्षबागा दिल्या. त्या बागांच्या वाइनचा १८५९ पासून दर नोव्हेंबरात लिलाव होतो आणि पैसा दवाखान्याच्या कामी लागतो. जुन्या इमारतीत १९७१ पर्यंत रुग्ण होते. आता तिथे तिकीट काढून जातात. गिगोनचं आणि त्याचं आद्याक्षर एकत्र, फरशीच्या टाइलवर आहे. मी बराच वेळ तेच बघत बसले.

जेवणाचं थोडक्यात. इथलं एपुआस नावाचं चीज आहे, त्याची साल द्राक्षाच्या चोथ्याच्या दारूने धूत धूत मुरवतात. त्या वासापुढे आपला गोठा म्हणजे अगरबत्तीचं दुकान. पण पावासोबत खाल्लं तर तू मागून घेशील. बाकी शाकाहारी पाहुणा आला की शेफचं तोंड उतरतं आणि माझं खुलतं. तेवढं सांगून पुढे जाते, कारण मला आप्पांशी बोलायचंय.

आप्पा, काल क्लो द वूजोला गेलो होतो. बोट कालव्यात उभी करून पाहुण्यांना गाडीने नेतात. दगडी कुंपणाच्या आत पन्नास हेक्टर सलग बाग, शेकडो वर्षं एका मठाच्या साधूंनी राखलेली. फ्रेंच राज्यक्रांतीत सरकारने मठाकडून काढून विकली. नंतर वारस, वाटण्या, विक्री, आणि आज त्या एका कुंपणात ऐंशीच्या आसपास मालक आहेत. कोणाच्या वाट्याला काही ओळीच. नेपोलियनचा कायदा, सगळ्या लेकरांना सारखा हिस्सा. मला आपला गट आणि तुमचा नि काकांचा बांध आठवला. इथे तर बांधही नाही, ओळीच्या टोकाला दगड. मालकाला आपली ओळ पाठ असते.

वेली मात्र बघून तुम्ही हसाल. कमरेएवढ्या. मांडव नाही, वाय आकाराचे आधार नाहीत. मीटर-मीटरवर वेल, हेक्टरी दहा हजार. ड्रिप नाही, पाणी द्यायला मनाईच आहे. छाटणी वर्षाला एकदा, थंडीत. खरड आणि गोडी असं दोनदा छाटतो म्हटलं तर मार्गदर्शक बाईंना आधी खोटं वाटलं, मग त्यांनी वहीत लिहून घेतलं. पण पानांवर तोच निळा थर होता. तुमच्या बनियनला असायचा आणि आई धुऊन धुऊन थकायची तो. मोरचूद आणि चुना. मी म्हटलं, बोर्डो! त्या म्हणाल्या, बरोबर. जन्मभर आपण बोर्डो म्हणतोय, ते बोर्दो या त्यांच्या गावाचं नाव, हे मला इथे आल्यावर कळलं. तिकडे चोरांनी घड तोडू नयेत म्हणून रस्त्याकडेच्या वेलींवर हे निळं पाणी मारायचे. मियार्दे नावाच्या प्राध्यापकाने पाहिलं, की नेमक्या त्याच वेली डावणी या रोगातून वाचल्या. १८८५ मध्ये त्याने ते छापलं. डावणी आली होती अमेरिकेतून. मुळं खाणारी फायलोक्सेरा ही कीडही तिकडूनच आली आणि अर्ध्या फ्रान्सच्या बागा बसल्या. उपायही तिकडचाच निघाला, अमेरिकन जंगली वेलीचा खुंट आणि वर आपली काडी. आपला डॉगरिज खुंट त्याच घराण्यातला.

आता जे सांगायचं ते. आई म्हणाली, शुक्रवारी मशीन आलं आणि विहिरीकडची थॉमसन द्राक्षाची बाग काढली. तुम्ही दोन दिवस नीट जेवला नाहीत, आणि शेजारी बांधावर उभे राहून म्हणाले, घाई केली. मला तुम्ही फोनवर फक्त एवढंच म्हणालात, 'डोळ्यात घडच नव्हता.' मे महिन्यापासून ऊन नाही, काडी तपासून आणली तर काडीवरच्या दहा डोळ्यांत, म्हणजे कोंबांत, एक घड. त्यावर ऑक्टोबरची छाटणी, पेस्ट, डिपिंग, मजुरी कशाच्या जिवावर करणार होतात? मला ते पटलंय. पण तुम्हाला पटल्यासारखं तुमच्या आवाजावरून वाटलं नाही.

म्हणून आज काय पाहिलं ते लिहिते. वोन-रोमाने नावाचं छोटं गाव आहे. त्याच्या वरच्या अंगाला कमी उंचीची भिंत, दगडी क्रूस, आणि आत येऊ नका अशी पाटी. भिंतीपलीकडे साडेचार एकर. रोमाने-कोंती. जगातली सगळ्यात महाग द्राक्षं म्हणतात ती या तुकड्यातली. वर्षाला पाच-सहा हजार बाटल्या, बस. काढणी चालू होती, हाताने, लहान क्रेटमध्ये, आपल्यासारखीच कंबर मोडत.

फायलोक्सेरात आजूबाजूच्या बागा गेल्या, पण यांनी जुन्या वेली खुंटावर घेतल्या नाहीत. पुढची कित्येक वर्षं जमिनीत औषध टोचून टोचून त्या स्वतःच्या मुळांवर जगवल्या. मग दुसरं महायुद्ध आलं, औषध मिळेना, माणसं मिळेनात. वेली थकल्या. १९४५ साली त्या साडेचार एकरांत माल निघाला सहाशे बाटल्यांचा. आणि ती काढणी झाल्यावर त्यांनी बाग तोडली. रोमाने-कोंती, आप्पा. तोडली. १९४७ मध्ये शेजारच्या ला ताश नावाच्या तुकड्यातल्या काड्या अमेरिकन खुंटावर बांधून नवी लावली. १९४६ ते १९५१, सहा वर्षं त्या नावाची एकही बाटली नाही. गावाने तेव्हाही बांधावर उभं राहून काहीतरी म्हटलंच असणार.

तोडायच्या वर्षीचा तो शेवटचा माल, त्यातली एक बाटली २०१८ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात ५ लाख ५८ हजार डॉलरला गेली. तेव्हाच्या भावाने चार कोटींवर. आमच्या पाहुण्यांपैकी एक आजोबा, काठी टेकत चालतात, ते हे ऐकून म्हणाले, 'बाप रे, एक बाटली!' मला बाटलीचं काही वाटलं नाही. मी त्या भिंतीपाशी उभी राहून १९४५ च्या हिवाळ्यात तो तुकडा कसा दिसला असेल ते बघत होते. उकरलेली माती, कडेला खोडांचा ढीग. विहिरीकडचं आत्ता तसंच दिसत असेल.

आजोबांना उतारावर हात देऊन गाडीपर्यंत आणलं. रोज कोणाकोणाला हात देते मी. खोटं कशाला लिहू, त्या वेळी चप्पल न घालता बागेत चिखलातून जाणारे तुम्ही डोळ्यांसमोर येता आणि मला राग येतो. कोणाचा ते माहीत नाही. गमबूट घाला. दादाने आणून ठेवलेत.

ऑक्टोबरअखेर हंगाम संपतो, हिवाळ्यात कालव्याचं पाणी सोडून दुरुस्ती करतात. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात मी घरी येते. तिकीट काढलंय, त्यामुळे लग्नाची स्थळं त्या आठवड्यात ठेवू नका. इथली काडी आणता का, असं तुम्ही थट्टेत विचारलं होतंत. विमानातून काडी आणायची परवानगी नसते. आणली असती तरी आपल्या मे महिन्यात ती रडली असती. मोहरी आणतेय, दिजाँची. आई, ती फोडणीची नाही, वाटलेली आणि झणझणीत असते.

एकच काम करा. तोडलेली खोडं दादा सरपणाला नेईल, नेऊ दे. पण एक ठेवा. कुठलंही नको, कलमाच्या जोडाची गाठ स्पष्ट दिसते तसलं. ती बाग आपण भरली तेव्हा मी पाचवीत होते. कलम बांधणारे मामा पट्टी मागायचे आणि मी फाडून हातात द्यायची. एका ओळीला मी एकटीने पट्ट्या दिल्या होत्या आणि तुम्ही मला पाच रुपये रोज दिला होता. विहिरीपासून तिसरी ओळ. मशीनवाल्याने ढीग एकत्र केला असेल, ओळ कळणार नाही, तरी चालेल. धुवू नका. मातीसकट गोठ्याच्या माळ्यावर टाकून ठेवा, पावसात भिजणार नाही असं.

तुमची,
ताई